रद्दीच्या वखारींतील आग

महिन्याच्या अखेरीस शहरांतील बहुतेक घरांतून रद्दीवाल्याला हांक मारली जाते. वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीनें बांधून ठेवलेला असतो. रद्दीवाला तो तागडींत घालतो, वजनावरून दोन शब्द होतात, पैसे हातांत पडतात आणि त्या क्षणीं त्या कागदाचा घराशीं असलेला संबंध संपतो. पुढें तो कोठें जातो याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः त्याचा खरा प्रवास येथूनच सुरू होतो. फेरीवाल्याकडून तो कोपऱ्यावरच्या दुकानांत जातो, दुकानांतून घाऊक व्यापाऱ्याच्या वखारींत जातो, आणि तेथें त्याची निवड होते. वर्तमानपत्र एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे, वह्यांचा पांढरा कागद तिसरीकडे, आणि मासिकांचा गुळगुळीत कागद आणखी निराळा. मुंबईंत धारावीच्या तेरा कंपाउंडांत ही निवडानिवड वर्षानुवर्षें चालत आली आहे. निवडलेला माल दाबयंत्रांत घालून त्याच्या गासड्या बांधतात, आणि या गासड्या ट्रकांत भरून वापी किंवा मुझफ्फरनगर अशा ठिकाणच्या कागद-गिरण्यांकडे रवाना होतात. गिरणींत त्या पाण्याच्या हौदांत पडतात, त्यांचा लगदा होतो, आणि लगद्यापासून पुन्हां कागद तयार होतो.

या सर्व प्रवासांत कागदाला अग्नीचें भय सर्वांत अधिक कोठें असतें, असें विचारल्यास बरेच लोक गिरणीकडे बोट दाखवितील. कारण गिरणी म्हटली कीं बॉयलर, वाफ आणि यंत्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु गिरणींत कागद लवकरच पाण्यांत जातो. भय असतें तें त्यापूर्वीं, म्हणजे जेथें तो नुसता पडून राहतो तेथें. निवडीच्या छपरांत, वखारींत आणि गासड्यांच्या उघड्या आवारांत आगी लागतात, आणि लागल्या म्हणजे त्या दिवसेंदिवस विझत नाहींत. याचें कारण कागदाच्या स्वभावांत आहे, आणि तो स्वभाव वाटतो तितका साधा नाहीं.

कागद पेटण्यास सुमारें 230 अंश सेंटिग्रेड इतकी उष्णता लागते. काडीपेटींतील काडीची ज्योत याहून कितीतरी अधिक उष्ण असते, म्हणून सुटा कागद एका काडीनें क्षणांत भडकतो. याच्या उलट, जाड चोपडी शेकोटींत टाकल्यास ती कडेनें काळी पडते, आणि सकाळीं राखेंतून बाहेर काढली तर मधल्या पानांवरील आंकडे खुशाल वाचतां येतात. जुन्या हिशेबाच्या वह्या जाळण्याचा ज्यांना प्रसंग आला असेल, त्यांना हा अनुभव असेलच. कागद दोन्ही ठिकाणीं एकच आहे. फरक आहे तो हवेचा. सुट्या कागदाला दोन्ही अंगांनीं प्राणवायु मिळतो, तर चोपडींतील पानें एकमेकांना हवेपासून झांकून ठेवतात. शिवाय वरचीं पानें जळून कोळसा झालीं म्हणजे तो कोळसाच आंतील पानांचें रक्षण करतो.

यावरून वखारवाला असा तर्क करतो कीं, कागद घट्ट दाबून त्याची गासडी बांधली कीं भय संपलें. हा तर्क अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे तर्क हेच वखारींत अधिक घातक ठरतात. एकटी गासडी खरोखरच सावकाश जळते. परंतु वखारींत गासडी एकटी नसते. गासडीवर गासडी अशा अनेक थरांच्या भिंती रचलेल्या असतात, आणि त्या भिंतींमध्यें वीतभर किंवा हातभर फटी राहतात. अशा उभ्या फटींत ठिणगी पडली म्हणजे ती फट धुराड्याचें काम करूं लागते. तापलेली हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते, समोरासमोरच्या दोन भिंती एकमेकींना तापवितात, आणि ज्वाला पाहतां पाहतां छपराला भिडते. पुढें आणखी एक गोष्ट घडते. गासडी बांधणारी प्लॅस्टिकची पट्टी वितळते किंवा तार तापून सैल पडते. दाबलेला कागद मोकळा होऊन फुलतो, आणि जी वस्तु मघां चोपडीसारखी होती ती सुट्या कागदांच्या राशीसारखी होते. म्हणजे जिच्या भरंवशावर निश्चिंत राहावें, ती घट्टपणाची कवचकुंडलें आगीच्या पहिल्या तडाख्यांतच गळून पडतात.

ज्वाला दिसते तोंपर्यंत आग निदान कोठें आहे हें तरी कळतें. कागदाची दुसरी खोड अशी कीं, तो ज्वालेवांचूनहि जळतो. उदबत्ती पेटवून फुंकर मारल्यावर तिची ज्योत जाते, पण टोंकाशीं निखारा राहतो, आणि तो अर्धा-पाऊण तास संथपणें खालीं सरकत राहतो. गासडीच्या पोटांत नेमकी हीच क्रिया चालते. पूर्वींच्या घरांतून रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं झांकून ठेवीत आणि पहाटे राख बाजूला सारून त्यावर चुलीचा जाळ करीत. त्या निखाऱ्याला राखेचें जें पांघरूण, तेंच गासडीच्या आंतील विस्तवाला जळक्या कागदाच्या थरांचें. हवा अगदीं थोडी मिळते, पण धुमसण्यास तेवढी पुरते. आणि उष्णता मात्र बाहेर पडत नाहीं. वरून पाण्याचा कितीहि मारा केला तरी पाणी गासडीच्या बाहेरच्या अंगावरून ओघळून जातें. बंब परत जातो, मालक सुटकेचा निश्वास टाकतो, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं वारा सुटला कीं तोच ढीग पुन्हां पेटतो. म्हणून अशा आगींत जवानांना गासड्या एकेक करून ओढून काढाव्या लागतात, फोडाव्या लागतात आणि फोडलेला कागद भिजवावा लागतो. पाण्यांत साबणासारखें द्रव्य थोडें मिसळलें तर पाण्याचा ताण कमी होऊन तें कागदांत अधिक खोल मुरतें, आणि अग्निशामक दलें या युक्तीचा उपयोग करतात.

धुमसणाऱ्या आगीचा धूर ज्वालेच्या धुरापेक्षां अधिक विषारी असतो, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कागदांतून कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ निघतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. झोंपलेल्या माणसाला तो जागा करीत नाहीं.

पाण्याची आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षांत येत नाहीं. कागद पाणी पितो. भिजलेली गासडी फुगते आणि तिचें वजन अतोनात वाढतें. खालचा थर भिजून मऊ झाला कीं वरची चळत कलते आणि कोसळते. भिंतीला टेकून रचलेला माल फुगून भिंतच बाहेर ढकलूं शकतो. आणि माडीवर सांठविलेला कागद भिजला तर ती माडी तें ओझें पेलीलच असें नाहीं. आग विझविण्यासाठीं आंत शिरलेल्या जवानास ज्वालेइतकेंच या ओझ्याचें भय असतें.

एक ठिणगी काय करूं शकते याचें अलीकडील काळांतील सर्वांत बोलकें उदाहरण इंग्लंडांतील आहे. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक म्हणून गांव आहे. तेथें पुनरुपयोगासाठीं जमविलेलें प्लॅस्टिक आणि कागद यांचें मोठें आवार होतें, आणि त्यांत सुमारें 1,00,000 टन माल उघड्यावर पडलेला होता. 30 जून 2013 च्या रात्रीं कोणीतरी आकाशांत सोडलेला कागदी कंदील तरंगत तरंगत त्या आवारांत उतरला. पहाऱ्याच्या कॅमेऱ्यानें हें सारें टिपलें आहे. कंदील मालाच्या राशीवर अलगद बसतो, क्षणभर कांहींच होत नाहीं, आणि मग त्या जागीं लहानशी ज्योत दिसूं लागते. 200 हून अधिक जवान त्या आगीशीं झुंजले. असले उडते कंदील आतां दिवाळींत आपल्याकडेहि दिसतात. मुंबईंत पोलिसांनीं त्यांवर वेळोवेळीं बंदी घातली आहे, आणि ती बंदी कांहींना उगीचच रसभंग करणारी वाटते; स्मेदिकचें चित्रण ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ती तशी वाटणार नाहीं.

अशा आगींच्या अनुभवावरून इंग्लंडांत कचऱ्याच्या आवारांसाठीं जे दंडक घालून देण्यांत आले, त्यांतील कांहीं आंकडे विचार करण्याजोगे आहेत. ढिगाची उंची 4 मीटरपेक्षां अधिक नसावी. लांबी किंवा रुंदी 20 मीटरपेक्षां अधिक नसावी. दोन ढिगांत निदान 6 मीटर अंतर मोकळें असावें. आणि आग लागलीच तर ती 4 तासांत विझेल अशी व्यवस्था अगोदरच केलेली असावी. यांतील 6 मीटरांचें मर्म होळीच्या रात्रीं कोणालाहि समजेल. होळी भडकली म्हणजे भोंवतालचे लोक आपोआप चार पावलें मागें सरतात. ज्वाला त्यांना शिवत नाहीं, वारा त्यांच्याकडे नसतो, तरी चेहरा भाजूं लागतो. कारण उष्णता किरणांच्या रूपानें सरळ येऊन पोंचते. चार पावलें मागें सरलें कीं तीच उष्णता सुसह्य होते. गासड्यांच्या राशीला मागें सरतां येत नाहीं, म्हणून तें अंतर माणसानें आधींच ठेवावें लागतें.

पाण्याचा हिशेब याहूनहि डोळे उघडणारा आहे. 300 घनमीटर ढिगासाठीं, म्हणजे 10 मीटर लांब, साडेसात मीटर रुंद आणि 4 मीटर उंच अशा एका मध्यम राशीसाठीं, दर मिनिटास 2,000 लिटर पाणी सतत 3 तास मिळालें पाहिजे असा तेथील अंदाज आहे. गुणाकार केल्यास हें पाणी 3,60,000 लिटर होतें. दहा हजार लिटरांचा टँकर धरला तर छत्तीस टँकर झाले. अरुंद गल्लींतील एखाद्या वखारीपुढें छत्तीस टँकर कसे येणार आणि कसे फिरणार, हा प्रश्न ज्याचा त्यानेंच सोडवावा. दाराशीं टांगलेल्या वाळूच्या चार लाल बादल्यांवर जी वखार भिस्त ठेवते, तिची भिस्त कशावर आहे हें या आंकड्यांवरून दिसेल. बादल्या निरुपयोगी आहेत असें मात्र नव्हे. त्या पहिल्या एक-दोन मिनिटांसाठीं आहेत, आणि हीं पहिलीं मिनिटें गेलीं कीं त्यांचें काम संपलें.

ठिणगी बाहेरूनच यावी लागते असेंहि नाहीं. शेतकऱ्यांना हें चांगलें ठाऊक आहे. गवत पुरतें वाळण्यापूर्वीं त्याची गंजी रचली तर ती आंतून तापते, तिच्यांत हात घातला तर चटका बसतो, आणि क्वचित् ती आपोआप पेटतेहि. ओलसर गवतांत सूक्ष्म जंतु वाढतात, त्यांच्या जगण्यांतून उष्णता निर्माण होते, आणि गंजीच्या पोटांतून ती बाहेर पडत नाहीं. सुमारें 70 अंशांवर हे जंतु स्वतःच मरूं लागतात. परंतु तोंपर्यंत पदार्थ इतका तापलेला असतो कीं पुढचें काम हवेंतील प्राणवायु करतो. कोरड्या, स्वच्छ कागदाच्या बाबतींत असें घडत नाहीं. पण ज्या रद्दींत उष्टें अन्न, भाजीचा पाला आणि ओल मिसळलेली आहे, तिच्या मोठ्या राशींत घडूं शकतें. म्हणून ‘ओला माल आहे, तो काय पेटणार’ हें वखारींतील नेहमींचें वाक्य फसवें आहे. वजन वाढावें म्हणून रद्दीवर पाणी मारण्याची जी जुनी हातचलाखी आहे, तिच्यामुळें गिरणीवाल्याचें नुकसान तर होतेंच. शिवाय ओला माल सडतो आणि तापतो. तेलाच्या चिंध्यांचेंहि असेंच आहे. जवसाचें तेल हवेंत वाळतांना उष्णता सोडतें. लांकडाला झिलई करणाऱ्या कारागिरानें तेलानें भिजलेला बोळा चुरगळून कागदांच्या राशींत फेंकला, तर कांहीं तासांनीं तो एकटाच पेट घेऊं शकतो; आणि आग कोणी लावली याचा शोध करणारास कोणीहि सांपडत नाहीं.

निवड न करतां सगळा कचरा एकत्र लोटला म्हणजे काय होतें, हें मुंबईनें देवनारला पाहिलें. 1927 पासून तेथें शहराचा कचरा टाकला जात होता. ओला कचरा हवेशिवाय कुजतो तेव्हां त्यांतून मिथेन हा ज्वालाग्राही वायु निघतो, आणि त्याच ढिगांत कागद, कापड आणि प्लॅस्टिक हें सरपण आयतेंच रचलेलें असतें. जानेवारी 2016 च्या अखेरीस तेथें जी आग लागली तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतहि दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि मार्चमध्यें तेथेंच पुन्हां आग लागली. कोचीजवळील ब्रह्मपुरम् येथें 2 मार्च 2023 रोजीं असाच ढीग पेटला आणि दहा दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिला. नौदलाच्या हेलिकॉप्टरांनीं वरून पाणी ओतलें, तरी अखेर खोदयंत्रांनीं ढीग उकरून थराथरांत पाणी जिरवावें लागलें. राखेखालच्या निखाऱ्याचा न्याय येथेंहि तोच.

आतांपर्यंत सांगितलेलीं कारणें जुनीं आहेत. विडीचें थोटूक, वेल्डिंगची ठिणगी, जुनाट विजेच्या तारा, यंत्रावर सांचलेली कागदाची धूळ, हीं सर्व वखारवाल्यांच्या आजोबांनाहि माहीत होतीं. गेल्या कांहीं वर्षांत मात्र एका नव्या पाहुण्यानें या यादींत पहिलें स्थान मिळविण्याचा चंग बांधला आहे. तो म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. 1991 सालीं जपानांतील सोनी कंपनीनें ती प्रथम बाजारांत आणली, आणि आज ती दूरध्वनींत आहे, कानांत घालण्याच्या बोंडांत आहे, मुलांच्या खेळण्यांत आहे, दाढीच्या यंत्रांत आहे. हिच्या पोटांत दोन विद्युत्-पट्ट्या असून त्यांच्यामध्यें प्लॅस्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. भोंवतीं जें द्रव असतें तेंहि पेट घेणारें. घरांत पडून असेपर्यंत हा पडदा शाबूत असतो. परंतु बॅटरी कचऱ्यांत गेली कीं ती कचऱ्याच्या गाडींत दाबली जाते, पट्ट्यावरून खालीं आपटते, आणि दाबयंत्राच्या जबड्यांत सांपडते. पडदा फाटला कीं दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, सांठलेली सारी वीज उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते, त्या उष्णतेनें आंतील द्रव्यें विघटित होऊन आणखी उष्णता निर्माण होते, आणि कांहीं क्षणांत तिचें उष्णमान शेंकडों अंशांवर जातें. कागद पेटण्यास 230 अंश पुरतात, हें वर आलेंच आहे.

यांत दोन गोष्टी विशेष वाईट आहेत. एक, या आगीला बाहेरच्या हवेची फारशी गरज नसते. बॅटरींतील द्रव्यांतूनच कांहीं प्राणवायु सुटतो, त्यामुळें तिला नुसतें झांकून भागत नाहीं, भरपूर पाण्यानें थंड करावी लागते. दुसरी अशी कीं, ती कधीं पेटेल याचा नेम नाहीं. चेपलेली बॅटरी तत्काळ पेटेल, किंवा गासडींत बांधली जाऊन कांहीं वेळ निमूट राहील आणि रात्रीं कामगार घरीं गेल्यावर पेटेल. निवड करणाऱ्या बाईच्या नजरेस ती पडावी अशी अपेक्षा करणें सोपें आहे. पण एका बाजूनें माल वाहत असतां, कागदांच्या घड्यांत दडलेली अंगठ्याएवढी वस्तु प्रत्येक वेळीं दिसावी ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

या धोक्याचें मूल्य रुपयांत मोजणाऱ्यांनीं सिकंदराबादची हकीकत आठवावी. 23 मार्च 2022 च्या पहाटे तेथील भोईगुडा भागांतील भंगाराच्या एका वखारीस आग लागली. खालीं कागद, बाटल्या, तारा असा माल भरलेला होता आणि वरच्या मजल्यावर बिहारहून आलेले मजूर झोंपले होते. वर जाण्यास एकच अरुंद गोल जिना, आणि तो उतरत होता तो थेट त्या मालांत. अकरा मजूर मेले. एकानें खिडकींतून उडी टाकली आणि तो वांचला. या माणसांना निजण्यास दुसरी जागा नव्हती, आणि मालकाला रात्रींचा राखणदार फुकट मिळत होता; असा हा सौदा आपल्या शहरांतील कितीतरी वखारींत रोज होत असतो. मालाच्या वर किंवा मालाच्या मागें कोणीहि झोंपूं नये, आणि प्रत्येक कामाच्या जागेस परस्परांपासून दूर असे दोन रस्ते असावेत, हे दोन नियम पाळण्यास कोणतेंहि यंत्र विकत घ्यावें लागत नाहीं. जेथें ते पाळले जात नाहींत, तेथें बाकीच्या सर्व साधनांची चर्चा फोल आहे.

साधनें अर्थात् आहेत. छपराखालीं पाण्याचे फवारे बसविलेले असले तर उष्णतेनें त्यांचीं तोंडें आपोआप उघडतात आणि आग लहान असतांनाच तिच्यावर पाणी पडतें. मात्र माल फवाऱ्यांना टेकेपर्यंत रचला तर फवारा असून नसल्यासारखा. उष्णता पाहणारे कॅमेरे आतां मिळूं लागले आहेत, आणि ते ज्वाला दिसण्यापूर्वीं ढिगाचा तापलेला भाग दाखवितात. परंतु मोठ्या खर्चाच्या या गोष्टींहून संध्याकाळची एक साधी संवय अधिक मोलाची आहे. काम संपतांना निवडीचा पट्टा आणि दाबयंत्र रिकामें करावें, मोटारीवरची धूळ झाडावी, मुख्य कळ बंद करावी, आणि अर्धा तास थांबून एकदां पुन्हां फेरी मारावी. वेल्डिंग झालें असेल त्या दिवशीं तर ही फेरी तासाभरानंतर अवश्य असावी, कारण ठिणगी कागदांत शिरल्यावर ती लागलीच दिसत नाहीं. माल आला तसा जावा, तीन-तीन महिने पडून राहूं नये, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. परंतु रद्दीचा भाव पडला कीं भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवण्याचा मोह व्यापाऱ्यास होतो, आणि भाव पडतात तेव्हांच वखारी तुडुंब भरतात.

आतां राहिला घराचा प्रश्न. 2016 सालच्या घनकचऱ्याच्या नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती धोकादायक असे कचऱ्याचे तीन भाग वेगळे ठेवण्याचें कर्तव्य घरांवर सोंपविलें, आणि 2022 च्या नियमांनीं बॅटरी इतर कचऱ्यांत मिसळूं नये असें स्पष्ट सांगितलें. व्यवहारांत याचा अर्थ फार सोपा आहे. रद्दीचा गठ्ठा बांधण्यापूर्वीं तो एकदां झटकावा. वाढदिवसाच्या गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत सुद्धां बटणाएवढा सेल असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जुनें खेळणें, बिघडलेली पॉवर बँक, फवाऱ्याचा अर्धा भरलेला डबा हीं काढून घ्यावींत. वापरलेल्या बॅटरीच्या दोन्ही टोंकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे तीं टोंकें धातूच्या वस्तूला लागून वीज वाहणार नाहीं. मग ती निराळ्या बरणींत ठेवावी आणि बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानांत किंवा विद्युत्-कचऱ्याच्या संकलन-केंद्रांत नेऊन द्यावी. रद्दीवाला भला माणूस असला तरी त्याच्या पोत्यांत ती टाकूं नये. तो ती पुढें कोठें देतो हें त्यालाहि ठाऊक नसतें.

दूरध्वनींतील बॅटरी जुनी झाली म्हणजे कधीं कधीं उशीसारखी फुगते. तशी दिसतांच ती वापरणें आणि विजेला लावणें बंद करावें, आणि ती घराबाहेर किंवा सज्जांत, पडदे-कागदांपासून दूर, कोरड्या वाळूच्या कुंडींत ठेवून लौकरांत लौकर संकलन-केंद्रांत पोंचवावी. टांचणीनें टोंचून तिची हवा काढण्याचा प्रयोग मात्र कोणीहि करूं नये. तिच्यांत कोंडलेली असते ती हवा नव्हे. तो पेट घेणारा वायु असतो.